पोलीस भरती : धाव मुलाची, हातभार घराचा

आज कोणत्याही गावाच्या पाणंदीवर पहाटे जाऊन उभे राहा. चारदोन पोरे धावताना दिसतीलच. काही ठिकाणी मुलीही धावतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणी अनवाणीच. विचारले तर उत्तर एकच येते, "पोलीस भरतीची तयारी करतोय."

या धावण्यामागे काय असते ते तुम्हांला वेगळे सांगायला नको. दोन-तीन एकर जमीन, तीन भावंडे, पावसाचा भरवसा नाही आणि बाजारभावाचा त्याहून नाही. घरात एक कायमचा पगार आला तर शेतीलाही आधार होतो. म्हणून घर आशेने त्या मुलाकडे पाहत असते. पण बहुतेक घरांत पाहण्यापलीकडे काही होत नाही. मुलगा एकटाच धावतो, एकटाच चुकतो आणि नापास झाला की एकटाच खाली मान घालून बसतो. आजचा हा लेख मुलांसाठी आहेच. पण त्याहून अधिक तो घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींसाठी आहे. ही तयारी साऱ्या घराची आहे, एवढे पटले तरी अर्धे काम झाले.

आधी हिशेब समजून घ्या

२०२४ साली महाराष्ट्रात पोलीस दलाच्या १७ हजार ४७१ जागा निघाल्या आणि अर्ज आले १७ लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर जण. हा आकडा भिऊन जाण्यासाठी सांगितलेला नाही. शंभरातले किती जण खरी तयारी करून येतात, हा प्रश्न आहे. अर्ज भरल्यावर धावायला सुरुवात करणारेच फार असतात.

परीक्षा कशी असते ते पाहा. २०२२ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून शिपाई पदासाठी आधी मैदानी चाचणी होते आणि मग लेखी. मैदान ५० गुणांचे. मुलांना १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५ गुण) आणि गोळाफेक (१५ गुण). मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. बाकी प्रकार आणि गुण तेच. मैदानात निम्मे, म्हणजे २५ गुण मिळवावेच लागतात. त्यानंतर प्रत्येक प्रवर्गातील जागांच्या दहापट उमेदवार लेखी परीक्षेला बोलावतात. लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची आणि मराठीतून. तिच्यात अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण असते. तिथे निदान ४० गुण हवेत.

आता हा हिशेब मुलाला समोर बसवून सांगा. मैदानाचे ५०, लेखीचे १००. मैदान फाटक उघडते. पण आत कोण जाणार, हे बहुधा लेखी ठरवते. तरीही आपली पोरे सकाळ-संध्याकाळ धावतात आणि पुस्तक शेवटच्या महिन्यात उघडतात. धावण्यात दोन गुण वाढवायला दोन महिने लागतात. काळ-काम-वेगाची गणिते रोज पाच सोडवली, तर तेवढे गुण पंधरा दिवसांत वाढू शकतात. म्हणून पहाट मैदानाला द्यावी, तशी रात्रीचे दोन तास पुस्तकाला द्यावेत. त्या दोन तासांत घरातला टीव्ही बंद राहील, ही जबाबदारी मात्र घराची.

मोजमाप पहिल्याच दिवशी

वर्षभर घाम गाळून मैदानावर गेल्यावर उंची अर्धा सेंटिमीटर कमी भरली, असे होता कामा नये. मुलांची उंची १६५ सेंटिमीटर आणि मुलींची १५५ सेंटिमीटर लागते. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर हवी आणि फुगवल्यावर ती ५ सेंटिमीटर वाढली पाहिजे. राज्य राखीव दलासाठी उंचीची अट अधिक आहे, १६८ सेंटिमीटर. काही उमेदवारांना सवलती असतात, त्या जाहिरातीत दिलेल्या असतात. जाहिरात ऐकू नये, वाचावी. आणि घरातल्या दोघांनी वाचावी.

भिंतीला टाचा, पाठ आणि डोके टेकवून, अनवाणी उभे करून सरळ पट्टीने उंची मोजा. कमी भरली तर पावडरी आणि गोळ्यांच्या जाहिरातींना भुलू नका. वाढीचे वय सरले की उंची वाढत नाही. तेवढा पैसा आणि तेवढी वर्षे दुसऱ्या वाटेला लावा. छातीचा फुगवटा मात्र सरावाने वाढतो. रोज सकाळी दीर्घ श्वास घेऊन सावकाश सोडण्याचा सराव आणि दंड यांचा काही महिन्यांत फरक दिसतो.

वयाकडेही लक्ष असू द्या. शिपाई पदासाठी खुल्या प्रवर्गाला १८ ते २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षांपर्यंत मर्यादा आहे. शिक्षण बारावी उत्तीर्ण लागते.

शेतातले कष्ट आणि मैदानाचा सराव

पुष्कळ घरांत एक समज असतो. "आमचा गडी पोती उचलतो, उसाच्या मोळ्या वाहतो, त्याला वेगळा सराव कशाला?" समज अर्धाच खरा आहे. शेतकामाने कमरेत आणि खांद्यात जोर येतो, चिकाटी येते. पण वेगाने धावायची सवय पायांना आणि छातीला वेगळीच लावावी लागते. उलट दिवसभर वाकून काम केलेले अंग आखडते, आणि तसेच जोरात धावले की मांडीच्या मागचा स्नायू ओढला जातो.

म्हणून काम आणि सराव यांची सांगड घाला. ज्या दिवशी वेगाची धाव, त्या दिवशी पोती आणि मोळ्या दुसऱ्याने उचलाव्यात. सगळ्यांत घात करते ते रात्रीचे पाणी. पंपाची वीज रात्री असते आणि दारे धरायला घरातला तरणा मुलगा जातो. रात्री दोनला येऊन पाचला धावायला उठणारे पोर पायाने नव्हे, झोपेने मागे पडते. निदान शेवटचे दोन महिने ही पाळी वडिलांनी, भावाने किंवा शेजाऱ्याशी सावडीने ठरवून उचलावी. सात-आठ तास झोप हा लाड नव्हे. दिवसा केलेला सराव अंगी लागतो तो झोपेतच.

सहा महिन्यांची आखणी

पीक जसे पेरल्या दिवशी कापता येत नाही, तशी धाव महिन्यात तयार होत नाही. सहा महिने हाताशी ठेवा.

पहिले दोन महिने सावकाश धावायचे. सोबत्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने, आठवड्यातून चार-पाच दिवस. सुरुवात १५ मिनिटांनी करा आणि हळूहळू ३५-४० मिनिटांपर्यंत न्या. धाव शक्यतो मातीवर असावी. डांबरी रस्त्यावर रोज आपटून नडग्या दुखू लागतात. दुखत असताना तसेच धावले तर महिना वाया जातो. त्यापेक्षा चार दिवस विश्रांती बरी.

पुढचे दोन महिने तुकड्यांचे. पाणंदीवर टेपने ४०० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना चुन्याने रंगवलेला दगड ठेवा. जाऊन-येऊन, परत जाऊन-येऊन केले की १६०० मीटर झाले. आता हिशेब असा. मुलाला १६०० मीटर ६ मिनिटांत काढायचे असतील, तर दर ४०० मीटरला ९० सेकंद मिळतात. आठवड्यातून एकदा ४०० मीटर ९० सेकंदांत धावायचे, दोन-तीन मिनिटे चालायचे, पुन्हा धावायचे, असे चार ते सहा वेळा. हे सोपे जाऊ लागले की दर तुकड्यातून तीन सेकंद कमी करा. पूर्ण धावेत बारा सेकंद वाचतील. गुणांचा तक्ता सेकंदांवर असतो. बारा सेकंदांची किंमत तिथे कळते.

बहुतेक मुले मार खातात ती पहिल्या फेरीत. शिट्टी वाजताच जत्रेतल्या बैलासारखी उधळतात, पहिले ४०० मीटर ७० सेकंदांत काढतात आणि शेवटी पाय ओढत येतात. चारही तुकडे सारखे धावणारा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये अशा कित्येकांना मागे टाकतो. हे सांगून कळत नाही. त्यासाठी धाकट्या भावाला किंवा बहिणीला हातात घड्याळ देऊन दगडापाशी उभे करा आणि दर तुकड्याची वेळ वहीत लिहायला सांगा. ती वही म्हणजे मुलाचा खरा गुरू.

शेवटचे दोन महिने वेगाचे आणि चाचणीचे. दर पंधरा दिवसांनी एकदा तिन्ही प्रकार एकाच सकाळी, अगदी भरतीसारखे करून पाहा. मधल्या दिवसांत एक वेगाचा, एक गोळ्याचा, दोन सावकाश धावेचे, आणि एक दिवस पूर्ण विश्रांतीचा. भरतीच्या आधीचे आठ-दहा दिवस सराव निम्मा करा. त्या दिवसांत नवी ताकद येत नाही, असलेली मात्र खर्च होते.

शंभर मीटर आणि गोळा

शंभर मीटर रोज जीव तोडून धावू नयेत. आठवड्यातून दोनदा पुरे. आधी १५ मिनिटे सावकाश धावून अंग मोकळे करा. मग ३० मीटरच्या पाच-सहा सुरुवाती आणि ६० मीटरच्या तीन-चार धावा. सुरुवातीची काही पावले वाकून आणि जोराने जमिनीला रेटत टाकावीत, मग हळूहळू सरळ व्हावे. रेषा दिसली की पुष्कळ जण नकळत हळू होतात. सरावात रेषा १०० मीटरवर असली तरी ११० पर्यंत धावायची सवय लावा.

गोळ्यात मुले हमखास गुण घालवतात, आणि थोड्या शिकवणीने गुण वाढतात तेही इथेच. मुलांचा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा आणि मुलींचा ४ किलोचा. गावातल्या पाच-सहा मुलांनी वर्गणी काढून एक गोळा घ्यावा, आणि घेतल्यावर दुकानाच्या काट्यावर तोलून पाहावा. हलक्या गोळ्यावर केलेला सराव मैदानावर फसवतो.

गोळा दगडासारखा भिरकावायचा नसतो. भिरकावला की कोपर आणि खांदा दुखावतो. तो बोटांच्या मुळांवर धरून मानेला टेकवा, कोपर बाहेर ठेवा, गुडघे वाकवा. मग पायांनी जमीन रेटत, कंबर वळवत, शेवटी हाताने पुढे आणि वर ढकला. जोर पायातून निघतो, हात फक्त शेवटचा धक्का देतो. फेकल्यावर तोल जाऊन वर्तुळाबाहेर पाऊल पडले तर ती फेक बाद होते, म्हणून चुन्याचे वर्तुळ आखूनच सराव करा. तालुक्याच्या शाळेतील क्रीडाशिक्षकांना दोन रविवार विनंती करा. बहुतेक शिक्षक आनंदाने शिकवतात.

मुलींच्या घरांसाठी दोन शब्द

महाराष्ट्र पोलीस दलात महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे. मुलगी धावते म्हणून नाक मुरडण्याचे दिवस गेले. पण नुसती परवानगी देऊन भागत नाही. पहाटेच्या अंधारात तिला एकटी पाठवू नका. गावातल्या तीन-चार मुलींचा गट करा, बरोबर एखादा भाऊ, वडील किंवा आई असू द्या, नाहीतर उजाडल्यावर धावू द्या. धावून आलेल्या मुलीवर लगेच पाणी भरणे, भाकऱ्या थापणे आणि भांडी घासणे येऊन पडते. मुलाला जो वेळ देता तोच तिलाही द्या.

आपल्याकडे पुष्कळ मुलींच्या अंगात रक्त कमी असते. लवकर दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि घरचे म्हणतात, हिला जमत नाही. तयारी सुरू करतानाच प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. पाळीच्या दिवसांत झेपेल तेवढे धावायला हरकत नाही. त्रास होत असेल तर विश्रांती घ्यावी. याची लाज नको, आईने मोकळेपणी बोलावे.

खाणे घरचेच

महागड्या डब्यांतल्या पावडरीवाचून काही अडत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मटकी-हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, शेंगदाणे आणि गूळ, दूध किंवा ताक, आणि खात असाल तर अंडी. एवढे दोन्ही वेळा पोटभर मिळाले तर शरीर तयार होते. धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी खायला मिळावे. दूध डेअरीला घालताना एक पेला घरात राहू द्या. तंबाखू, गुटखा आणि बिडी मात्र पहिल्याच दिवशी बंद.

जिवापेक्षा भरती मोठी नाही

हे कठोर वाटेल, पण लिहिलेच पाहिजे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उन्हाने आणि दमाने कोसळून काही तरुण दगावले. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटरच्या धावेत दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. ही कुणाच्या तरी घरचीच पोरे होती, पहाटे आईच्या हातचा चहा घेऊन निघालेली.

म्हणून काही गोष्टी पाळाच. धावताना छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे असे एकदा जरी झाले, किंवा घराण्यात कुणी तरुण वयात अचानक दगावले असेल, तर डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या आणि मगच सराव चालू ठेवा. ताप असेल तर धावू नये. वेग वाढवणाऱ्या म्हणून कुणी इंजेक्शन किंवा गोळी देऊ केली तर ती हातातही घेऊ नये. त्याने दम वाढत नाही. शरीराची थांबण्याची सूचना तेवढी दबते आणि माणूस थांबायच्या जागी थांबत नाही. सापडला तर बाद होतो ते वेगळेच. मुलाला निघताना स्पष्ट सांगा, "बाळा, अंधारी आली तर थांब. जाहिरात पुन्हा निघेल." हे वाक्य घरातून गेले नाही, तर मुलगा भीतीने धावत राहतो.

भरतीच्या आदल्या दिवशी मुक्कामाची सोय आधी करा. नातेवाईक, गाववाले किंवा एखादी धर्मशाळा शोधा. उघड्यावर, पावसात रात्र काढून सकाळी धावणाऱ्याचे सहा महिने एका रात्रीत वाया जातात. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली होती, तेव्हा चिखलातही थोडा सराव असू द्या. नवे बूट त्या दिवशी घालू नका. दोन-अडीच तास आधी हलके खावे आणि पाणी थोडे थोडे पीत राहावे.

कागद आणि ठकसेन

दाखल्यांची पिशवी आजच उघडा. अधिवास, जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर, बारावीची गुणपत्रिका, खेळाडू किंवा प्रकल्पग्रस्त असल्यास त्याचे प्रमाणपत्र. नॉन-क्रिमीलेअरला मुदत असते, ती तपासा. नावातील वेलांटीचा फरकही नडतो. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. म्हणून बांधाच्या भांडणात किंवा निवडणुकीच्या मारामारीत या मुलाला पुढे करू नका. भावकीचा राग एका दिवसाचा असतो, पण गुन्ह्याची नोंद वर्षानुवर्षे आडवी येते.

आणि "साहेब ओळखीचे आहेत, एवढे लाख द्या, काम करून देतो" असे म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. जमीन गहाण टाकून दिलेला असा पैसा परत येत नाही आणि नोकरीही मिळत नाही. शहरातील अकादमीला पाठवायचे तर फी, जेवण, राहणे आणि शिकवणारा कोण, हे स्वतः जाऊन पाहा. कर्ज काढून पाठवावेच लागते असे मुळीच नाही. पाणंद, घड्याळ, वही आणि शिस्त एवढ्यावरही तयारी होते.

किती वर्षे?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि तो घरात उघडपणे बोलला गेला पाहिजे. शंभरात एकाची निवड होते, म्हणजे मनापासून तयारी केलेलेही पुष्कळ राहतात. म्हणून सुरुवातीलाच ठरवा की किती प्रयत्न करायचे. मुलगा तयारी करीत असताना त्याचे पुढचे शिक्षण किंवा एखादा हातचा धंदा चालू राहू द्या. हीच धाव आणि हाच अभ्यास वनरक्षक, राज्य राखीव दल आणि केंद्रीय दलांच्या भरतीतही उपयोगी पडतो, तेव्हा ते अर्जही भरत राहा.

आणि यादीत नाव नाही लागले, तर त्या संध्याकाळी घरात कुणी टोमणा मारू नये. सहा महिने पहाटे उठलेला, व्यसनापासून दूर राहिलेला, वेळेचा हिशेब ठेवायला शिकलेला मुलगा तुमच्या घरात आहे. तो शेतात उभा राहिला तरी पहिल्यापेक्षा चांगला शेतकरी होईल. त्याला जेवायला वाढा, पोटभर झोपू द्या, आणि दुसऱ्या दिवशी वही उघडून बसा. कुठे किती सेकंद कमी पडले आणि कोणत्या विषयात किती गुण गेले, ते दोघांनी मिळून पाहा. पुढची तयारी तिथूनच सुरू होईल.